हुप्प्याचं सुतक

आमच्या मालकाचं नाव मी तोंडानं घेत न्हाई. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. फाट्यावर यष्टीतून उतरा आन् 'बंदूकवाल्या गुंडप्पाचं घर कोणतं' म्हणून इचारा, कुणीबी दाखवील. म्हणजे आधी बंदूकवाले म्हणायचे. आता लोक दुसरंच काय काय म्हणतात, ते ऐकलं की माझं डोस्कं भणभणतं. म्हणून म्हणलं, जे झालं ते एकदा कुणीतरी सरळ सांगावं. मालक सांगून सांगून थकले. त्यांचं कुणी ऐकत न्हाई, माझं तरी कोण ऐकतंय म्हणा.

गाव आमचं उदगीर-मुखेडच्या मधी. मालक सारी उमर उदगीरच्या मोंढ्यात मापाडी होते. सोयाबीन, तूर, हरभरा, जे येईल ते काट्यावर घालायचं. गुडघे गेले तसे घरी बसले. दारू न्हाई, तंबाखू न्हाई, पत्ते न्हाई. शौक एकच, छर्ऱ्याची बंदूक. तोबी जत्रंतला. लग्न झालं त्या साली मला उदगीरच्या जत्रंत नेलं, आन् मला वाटलं नवी नवरी म्हणून बांगड्या-बिंगड्या घेतील. कशाचं काय! फुग्याच्या दुकानाम्होरं जे उभे राहिले ते फळीवरचे फुगे संपंस्तोर हलले न्हाईत. शेवटी दुकानवाला हात जोडून म्हणला, "मालक, धंदा आहे माझा, पलीकडच्या दुकानावर जावा." मी तिथं उभी राहून पायाला मुंग्या आणल्या. बांगड्या न्हाईच घेतल्या.

पण जिवावर कधी नेम धरला न्हाई हो ह्या माणसानं. आमी लिंगायत, गळ्यात लिंग. मुंग्यांची ओळ दिसली तर हे लांबून वळसा घालून जाणार. मोंढ्यात कबुतरं दाण्याच्या ढिगावर बसायची तर व्यापारी म्हणायचे, "गुंडप्पा, दोन-चार उडव की." हे टाळी वाजवून उडवायचे. त्यांचा नेम आपला बाटलीच्या टोपणावर, काडेपेटीवर, भिंतीवर खडूनं काढलेल्या ठिपक्यावर.

जुनी बंदूक दुमडायची होती. गुडघ्यावर टेकवून नळी मोडायची, आंगठ्यानं छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची, मग खांद्याला लावायची, मग नेम. दोन छर्ऱ्यांच्या मधी माझा चहा उकळून कपात पडायचा. मालक म्हणायचे तसंच पाहिजे, एक झाला की मन निवतं, मग दुसरा.

मग आमचा पुतण्या शिवशंकर हैदराबादहून नवी घेऊन आला. कंपनीत हाय तो, काकावर लई जीव. म्हणला, "काका, आता दुमडायचं काम न्हाई. बाजूची दांडी बघा." बंदुकीच्या उजव्या बाजूला बोटभर दांडी. मागं ओढायची, पुढं ढकलायची, घोडा दाबायचा, झालं. छर्रे एका गोल चकतीत भरून ठेवायचे, चकती आपोआप फिरती. बंदूक खांद्यावरून काढायचं कारणच न्हाई. फक्त तिच्या पोटात हवा भरावी लागती. त्याला सायकलच्या पंपासारखा उभा पंप, पण असला कडक की बाप रे बाप! एकट्याच्या अंगात तेवढा दम न्हाई. मालक दाबायचे, थकले की मी पदर खोचून दाबायची, काटा हिरव्या पट्टीवर येईस्तोर. शेजारणी हसायच्या, "उमाबाई, म्हातारपणी कसरत करून राहिलीस का गं?" मी म्हणायची, "तुमच्या नवऱ्यांच्या चकाट्यापेक्षा हे बरं."

पहिल्या दिवशी भिंतीवर टोपणांची रांग लावली. दांडी मागं, पुढं, ठप्. मागं, पुढं, ठप्. मी पापणी मिटून उघडली तर भिंत मोकळी. मालकांचं तोंड मात्र जत्रंत फुलायचं तसं फुललं न्हाई. म्हणले, "उमा, ही लई पळती. इचार करायला सवड देत न्हाई." मी म्हणलं, "मग हळू ओढा की." म्हणले, "मी हळूच ओढून राहिलो. हाताला चटक लागती."

फोनवर असल्या बंदुकीवाल्यांचा एक ग्रुप होता. सोलापूरचे, हुबळीचे, हैदराबादचे लोक. कुणाची दांडी अडकती, कुणाचे दोन छर्रे एकदम भरतात, कुणाची हवा गळती. मालक त्यांना आवाज भरून पाठवायचे, दांडी अर्ध्यात सोडू नका, पुरी मागं न्या, चकती पुसून ठेवा. गावात ज्याला मापाडी म्हणून कुणी खुर्ची दिली न्हाई, त्याला तिथं 'अप्पाजी' म्हणायचे. मला आतून बरं वाटायचं, खोटं कामून बोलू.

तर त्या साली गावात वानरं आली. आधीबी यायची, पण ही टोळी घरं सोडायलाच तयार न्हाई. पत्र्यावर धिंगाणा, वाळवण फस्त, नळाची तोटी फिरवून पाणी सोडून द्यायची. त्यांचा म्होरक्या एक दांडगा हुप्प्या होता. त्यानं एक दिवस आमच्या शेजारच्या कोंडाबाईच्या हातातलं सूप ओढलं. म्हातारी जिन्यावरून खाली, कंबर मोडली. बाजंवर पडली ती पडलीच.

मारुतीच्या पारावर गाव बसलं. सरपंच हणमंतराव म्हणले, "गुंडप्पा, आता तूच." मालक म्हणले, "नाही जमणार. जीव हाय त्यो." हणमंतराव म्हणले, "अरे मारायचं कोण म्हणतंय? मारुतीचं लेकरू हाय, पाप कुणी घ्यावं! नुसतं पत्र्यावर छर्रे हाण, आवाज होऊ दे, भेदरव त्याला." हे तरी मान हलवत होते. मग कोंडाबाईला बाजंसकट उचलून आणलं पारावर, आन् ती म्हातारी रडून म्हणली, "गुंडप्पा, माझ्यासारखी उद्या आणखी एखादी पडंल. तुला माझ्या कंबरेची आण हाय." झालं. दुसऱ्याच्या दुखण्याला नाही म्हणायला ह्या माणसाला येतच न्हाई. घरी आल्यावर मी म्हणलं, "जाऊ नका. गाव तुमचं कौतुक करील तोवरच करील." ते खाली मान घालून छर्रे पुसत बसले. हवा मीच भरू लागले. कामून भरली, तर ते पंपाला हातच लावीनात म्हणून. थांबून थांबून एकटीनं दाबली.

शनिवार होता. हुप्प्या देवळाच्या पत्र्यावर पाय सोडून बसलेला. सारं गाव खाली. मालकांनी नेम धरला तो त्याच्यापासून लांब, पत्र्याच्या पार टोकाला. मी बाजूलाच उभी होते, मला दिसत होतं. पहिला छर्रा ठण्णकन वाजला. हुप्प्या दचकून पिंपळाकडं उसळला, जायलाच निघाला होता तो. तेवढ्यात पिंपळाखालून कुणीतरी मुडदा परात बडवायला लागला. परातीला भिऊन हुप्प्या हवेतच वळल्यावाणी वळला आन् परत पत्र्यावर, नेम होता त्याच टोकाला आला. तोवर दांडी मागं जाऊन पुढं आली होती. दुसरा छर्रा सुटला होता.

तो ओरडलासुद्धा न्हाई. पत्र्यावरून घसरला आन् मारुतीच्या उंबऱ्यात येऊन पडला. जरा हात हलले, मग थांबले.

"मी ओढली न्हाई, उमा," मालक म्हणत होते. "मी न्हाई ओढली. हातानं ओढली." अय्यो शिवा, तो आवाज मी मरंस्तोर विसरणार न्हाई.

सगळे एकदम बोलायला लागले. वानर मारलं की सरकारी केस होती, हे सगळ्यांना ठाऊक. हणमंतरावांनी हात वर केला. म्हणले, "गावानं काही बघितलं न्हाई. हुप्प्या म्हातारा होता, शनिवारी मारुतीच्या पायरीवर येऊन त्यानं देह ठेवला. संपला विषय." मालक म्हणले, "पण मी मारलं, सरपंच." "गुंडप्पा, तू गप." मीबी त्यांचा दंड धरला आन् म्हणलं, गप बसा. मला तेव्हा एकच भ्या होतं. ह्या वयात, ह्या गुडघ्यांनी, जीपमधी घालून नेतील आन् कोठडीत फरशीवर बसवतील. माझा माणूस माझ्या घरात राहावा, बाकी जग मसणात जाऊ दे, असं वाटत होतं.

तिथवर ठीक होतं. गुपचूप पुरून टाकलं असतं तर निभावलं असतं. पण आमचं गाव! देवाचं वानर मेलं आन् गुपचूप पुरायचं? छे छे! मग गावाला शाप लागंल न्हाई का! पांढरं कापड आलं, गुलाल आला, टाळकरी आले. तिरडी बांधली. मग प्रश्न निघाला, लेक कोण होणार? कुणीतरी एकानं गावाच्या वतीनं सुतक धरायचं, डोकं-मिशी उतरायची, दहावा घालायचा. सगळ्यांच्या माना आमच्याकडं वळल्या.

आमच्यात सुतक नसतंच हो. बाप मेला तरी मिशी काढत न्हाईत. मी म्हणलं तसं. हणमंतराव म्हणले, "वहिनी, ते मला ठावं हाय. पण गाव वाचवतंय त्याला, त्यानं एवढं करू ने का?" वाचवतंय! मालक स्वतःहून न्हाव्याम्होरं जाऊन बसले. मिशी गेल्यावर मी ओळखलं न्हाई त्यांना. आन् वर हणमंतराव म्हणतात, "तुमच्या लोकांना बसवून पुरायचं माहीत असतं, गुंडप्पा, तूच खड्ड्यात उतर." उतरले. त्या जनावराला मांडी घालून बसवलं. वर आल्यावर मला एवढंच म्हणले, "कानाखाली बारीक भोक हाय. मी विभूती लावून बुजवलं."

त्यावर चौथरा बांधला. दहाव्याला बुंदीच्या पंगती उठल्या, कीर्तन झालं. आन् फाट्यावर बॅनर लागलं, ह्याऽऽ एवढं मोठं! वर हुप्प्याचा फोटो, 'वानरराज यांना भावपूर्ण श्रद्धांजली', आन् खाली मुंडण केलेल्या आमच्या मालकाचा फोटो, 'पुत्रवत विधी करणारे गुंडप्पा'. जी गोष्ट दडवायची, तिचं बॅनर लावतंय का कुणी? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी हणमंतरावाला जाऊन म्हणलं, "अहो, उतरवा ते." तर म्हणले, "वहिनी, लोक काय म्हणतील, एवढं केलं आन् बॅनर न्हाई?"

ह्या सगळ्यात लोकांचं बोलणंच बदलत गेलं. आधी म्हणायचे, 'देह ठेवला म्हणून सांगायचं बरं का'. मग नुसतं 'देह ठेवला'. मग 'हात जोडून देह ठेवला'. कोंडाबाई मला सांगती, "उमे, ह्या डोळ्यांनी बघितलं गं, मारुतीला हात जोडले त्यानं." मी म्हणलं, "आत्याबाई, तुमी तर घरी बाजंवर होता!" तर माझ्यावरच डोळे वटारले. मालक पारावर जाऊन म्हणायचे, "अरे माझा छर्रा लागला, तुमी समदे होता तिथं." लोक म्हणायचे, "असू दे गुंडप्पा. त्यालाच जायचं होतं, तुझ्या हातून मुक्ती घेतली." ह्यांना मुक्ती नको होती. कुणीतरी 'तू मारलंस' एवढं म्हणावं, शिवी द्यावी, दोन थोबाडीत द्याव्यात, एवढंच पाहिजे होतं. जेवण सुटलं. ग्रुपवर कुणीतरी इचारलं, 'अप्पाजी, नवी बंदूक कशी काय?' तर ह्यांनी आवाज भरला, "बंदूक चांगली हाय. माझ्या हातून एक जीव गेला." दहा-वीस जणांनी आंगठे पाठवले. एकानं इचारलं, किती लांबून मारलं? मालकांनी फोन पालथा घातला तो परत उचलला न्हाई.

बॅनर बघून वनखात्याची जीप आलीच. स्वप्नाली मॅडम, किनवटकडच्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण डोळे लई तेज. पारावर खुर्ची टाकली. एकेकाला इचारलं. सगळं गाव असं गोड खोटं बोललं की ऐकत राहावं! बोलताना कुणाकुणाच्या डोळ्यांत खरंच पाणी. मॅडमनं लिहून घेतलं, उठल्या. माझा जीव भांड्यात पडला. आन् तेवढ्यात मालक गर्दीतून पुढं, हातात बंदूक. पायाशी ठेवली. म्हणले, "मॅडम, मी मारलं. दुसरा छर्रा. कानाखाली लागलाय. उकरून बघा."

लोक हसले हो! हणमंतराव म्हणले, "मॅडम, बापासारखं सुतक धरलं त्यानं, डोक्यावर परिणाम झालाय." मॅडमनं मालकांकडं बघितलं, मग मला बोलावलं. "बाई, तुमी सांगा. खरं काय?"

काय सांगू तुम्हाला. इतके दिवस माझा एकच नवस होता, ह्यांना नेऊ नये. 'म्हातारपणानं गेलं' एवढं म्हणलं की जीप जाणार होती. मी मालकांकडं बघितलं. उपाशी माणूस ताटाकडं बघतो तसं बघत होते माझ्याकडं. मला न्हाई राहवलं. म्हणलं, "खरं बोलतायत. मी बाजूला होते. बंदुकीत हवा मीच भरली. न्यायचं तर दोघांना न्या."

मालकांनी डोळे मिटून श्वास सोडला. किती दिवसांनी सोडला असंल. मॅडम म्हणल्या, "उकरा." आन् तिथंच आग लागली. समाधी उकरायची? बायका जाऊन चौथऱ्यावर आडव्या पडल्या. त्यात आमच्याच भावकीतल्या दोघी. हणमंतराव म्हणले, "बायको नवऱ्याची री ओढणारच, दोघं येडे झालेत, त्यापायी देव उकरू का?" कुणी जीपच्या चाकाम्होरं बसलं. मॅडमबरोबर ड्रायव्हर सोडून कुणी न्हाई. त्यांनी फोन लावले, इकडं लावला, तिकडं लावला. मग मालकांना बाजूला घेऊन म्हणल्या, "काका, मला कळतंय तुमी खरं बोलताय. पण मढ्याशिवाय मी कागदावर काय लिहू? आन् आज हे उकरलं तर गाव पेटतं." मालक म्हणले, "मग बंदूक तरी न्या." म्हणल्या, "केसच न्हाई तर कशात नेऊ?" जीपमधी बसताना त्यांचाबी चेहरा उतरला होता. धूळ बसंस्तोर मालक तिथंच उभे होते.

माझा नवस पावला बघा. माणूस घरात हाय. पण घरात कुठं हाय, शनिवार आला की चौथऱ्यावर नेऊन बसवतात. आधी गावातलेच यायचे, आता उदगीरहून, देगलूरहून गाड्या येतात. हलगी वाजती, नारळ फुटतात. न्हाई गेले तर घरी येऊन बसतात, "तुमी लेक हाव त्याचे, तुमीच पायजे." बंदूक शिवशंकर घेऊन गेला. हे ओझं मात्र कुणाला घेऊन जाता यीना.

परवाच्या शनिवारची गोष्ट. एक बाई तान्ह्या लेकराला घेऊन आली. लेकरू झोपेत दचकतं म्हणली. "अप्पा, डोक्यावर हात ठेवा." मालकांनी हात पाठीमागं नेले. म्हणले, "माय, मी मारलंय त्याला. ह्या हातानं. ह्यो हात लेकराला नको लावूस." मला वाटलं आता तरी ही भिऊन मागं सरंल. ती हात जोडून म्हणती, "हाव अप्पा, ज्याच्या हातून देवानं मुक्ती घेतली, त्याच्याच हाताला गुण असतो." आन् तिनं त्यांचा उजवा हात स्वतः ओढला, बोट नी बोट सरळ केलं आन् तो हात लेकराच्या टाळूवर ठेवला.

मालकांना रडू फुटलं. साधंसुधं न्हाई, खांदे गदगदा हलायला लागले, तोंडातून आवाज फुटंना. आईच्या मातीला रडले नव्हते तसे रडले. आन् कुणीतरी ओरडलं, "अंगात आलं! अप्पाच्या अंगात आलं!" हलगी चढली. बायका पाया पडायला धावल्या, कुणी कपाळाला गुलाल लावला, कुणी इचारतंय, "देवा, आमच्या पोरीचं लगीन कवा जमंल?"

मी गर्दीत शिरून बोंबलत होते, "अगं सरका भवान्यांनो, रडतंय माझं माणूस! त्याच्या अंगात कुणीबी आलं न्हाई, तो रडतोय!" हलगीत माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. एकीनं मला धरून बाजूला केलं आन् म्हणली, "मावशी, ढकलू नका, रांगंत या."